चार थेंब खोबरेल

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होता. किती शांत, किती सरळ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आनेकलचे थोरले भावजी तर डोळे पुसत म्हणाले, आमचा धाकटा म्हणजे गरीब गाय होता. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला राग येत होता. गाय कसली? कागदावरच्या एका काळ्या ठिपक्यासाठी चार वर्षं माझं डोकं खाणारा माणूस गाय असतो होय? एवढ्या माणसांत एकानंही तुमच्या बंदुकीच्या नेमाचं नाव काढलं नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून तुम्ही नटबोल्ट मोजत होता, एवढंच सगळ्यांच्या लक्षात होतं. नेम विसरायला लोकांना मीच लावलं. कसं ते आज सांगायचं ठरवून बसले आहे, तेव्हा मध्ये बोलू नका. तुम्ही मध्ये बोलायचा नाहीतच म्हणा, तोंड माझंच चालायचं.

बंदूक घरात आली तो दिवस आठवतो ना? बेंगळूर कॅन्टोनमेंटमधले एक म्हातारे साहेब विलायतेला कायमचे निघाले होते आणि त्यांनी सामान विकायला काढलं होतं. तुम्ही टेबलफॅन आणायला गेलात आणि काखेत लांबलचक पुडकं घेऊन आलात. मी विचारलं, पंखा कुठाय? तुम्ही पुडकं सोडून नळी माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, हिच्यातूनही वाराच येतो. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या, पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी एकटीच हसले. तेवढं तुम्हाला कळू दिलं नव्हतं.

वारा यायचा खरा. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, चाप ओढला की आतला दट्ट्या सुटायचा आणि कोंडलेली हवा शिशाच्या छऱ्याला ढकलून द्यायची. पण छर्रा जायचा कुठे, ते बंदुकीलाच ठाऊक नसायचं. न्हाणीघराच्या दारापासून परसातल्या भिंतीपर्यंत पंधरा पावलं. भिंतीशी चिंध्या कोंबलेलं लाकडी खोकं, त्यावर खिळ्याला कागद. पहिल्या रविवारी तुम्ही पंचवीस छर्रे मारलेत, त्यातले नऊ कागदाला लागले. शेजारच्या रुक्मिणक्कांनी वाळत घातलेले पापड घाईघाईनं उचलून नेले.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जुनी बंदूक गळ्यात मारली. तुम्ही तसं म्हणणार नव्हता. कारखान्याच्या टूलरूममध्ये तेव्हा तुम्ही मापांची मापं बनवणारे, केसाचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाची चूकही तुम्हाला चालायची नाही. यंत्राला नावं ठेवायच्या आधी आपला हात तपासावा, ही तुमची रीत. नाचता येईना अंगण वाकडं, हे तर तुम्ही रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. मी म्हणायची, अहो, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. यावर आपलं जे भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही.

तरी थोडंफार अंगण आपण दोघांनी मिळून सरळ केलं, हे कबूल करा. लाकडी दस्त्याचे स्क्रू दर वीस-पंचवीस बारांनी ढिले पडतात हे तुम्ही शोधलंत. छऱ्यांचं मी शोधलं. एका दुपारी डबा उघडा होता म्हणून सहज ताटात ओतून पाहिला आणि माझ्या हाताला सवयच ती, तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसले. मेले निम्मे छर्रे काठाला चेपलेले, काहींच्या अंगाला शिशाचा कण चिकटून राहिलेला. तुम्ही आधी हसलात. मग निवडलेले पाच मारलेत, ते एका जागी गेले. टाकाऊ पाच मारलेत, ते गावभर गेले. तुम्ही दोन्ही कागद बराच वेळ शेजारी शेजारी धरून पाहिलेत आणि एवढंच म्हणालात, सरी, बरोबर आहे. तुमच्या तोंडून सरी निघालं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हार घालून सत्कार झाल्यासारखं होतं. त्यानंतर आपल्या घरात तांदळाआधी छर्रे निवडले जायचे.

धरायची रीत मात्र तुमची. महिनाभर तुम्ही बंदूक खांद्यात रुतेपर्यंत आवळून धरत होता आणि जितकी आवळाल तितकी ती बहकायची. एक दिवस वैतागून तुम्ही डावा तळहात नुसता खाली पसरलात आणि तिला त्यावर निजवलंत. गालही अलगद टेकवलात. मला समजावून सांगितलंत की स्प्रिंग सुटली की ही उडी मारते आणि छर्रा अजून नळीतच असतो. ती उडी आपल्याला थांबवता येत नाही, मग प्रत्येक वेळी एकसारखी तरी मारू द्यावी. त्या रविवारी पाच भोकं एकमेकांत मिसळली. तुम्ही कागद काढून आणलात आणि मोजायला पट्टी सापडेना, तर सरळ माझ्या कपाळाला लावून पाहिलात. पाचही भोकं माझ्या कुंकवाच्या आत बसली. रुक्मिणक्का कठड्यावरून बघत होत्या आणि मी लाजेनं मेले. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात पोरबाळ नव्हतं आणि तुमची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, वर रोजचा ओव्हरटाइम. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना रविवारीच भेटायची. त्या बंदुकीनं मला माझे रविवार दिले, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

आता तेलाचं सांगते.

दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की हवा निसटते आणि छर्रा खाली पडतो. म्हणून तुम्ही आठवड्याला शिलाई मशिनच्या तेलाचे चार थेंब आत सोडायचा. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी, गणपती झाल्यावर, सासूबाई आजारी पडल्या आणि तुम्ही तीन आठवडे आनेकलला राहिलात. जाताना घराचं काही सांगितलं नाहीत, फक्त बजावलंत की शुक्रवारी चार थेंब चुकवू नकोस. पहिल्याच शुक्रवारी तेलाची बुधली माझ्या हातून निसटली आणि सगळं तेल फरशीवर. आता कोण जाणार मार्केटात? तेल ते तेल, म्हटलं आणि न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल चार थेंब सोडलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा चार.

तुम्ही परत आलात, बंदूक चालवलीत आणि म्हणालात, काय गं, स्वल्प गोड चालते आहे ही. खरंच चालत होती. तपकिरीनं तुमचं नाक कधीच मेलं होतं, वास तुम्हाला यायचा नाही, आणि खोबरेलाचा वास माझ्या केसांमुळे घरभर असायचाच. मला वाटलं, गंमत आहे. एवढे मोठे टूलरूमवाले आणि यांची बंदूक चालते माझ्या डोक्याच्या तेलावर! नेमबाजीच्या क्लबानं राज्याच्या संघाच्या निवडीसाठी तुमचं नाव दिलं होतं. मी ठरवलं की तुमची निवड झाली की पेढे देताना हे सांगायचं आणि तुमचं तोंड बघायचं. तोवर तेल घालायचं काम मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. तुम्हाला बरंच वाटलं.

निवडीची स्पर्धा डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी होती. तुमचा सगळा सराव दुपारचा, उन्हातला. त्या दिवशी मात्र आपण काळोख फिटता फिटता निघालो. बंदूक सायकलला बांधलेली, तुमच्या कानाला मफलर, मी मागून रिक्षानं उप्पीटाचा डबा घेऊन. मैदानावर इतकं धुकं की गवत भिजून माझ्या साडीचा काठ ओला झाला. तुमच्या शेजारी मुनियप्पा होता, तुमच्याच टूलरूममधला, तुमच्याच हाताखाली शिकलेला.

तुमचे पहिले पाचही खाली गेले. तुम्ही शांतपणे माशीची, नळीवरच्या नेम धरायच्या खुणेची, उंची बदललीत. पुढचे बरे गेले. मग ऊन चढलं, बंदूक तापली आणि छर्रे वर जायला लागले. तुम्ही पुन्हा बदललंत. मग काही वर, काही खाली. मी झाडाखाली बसून देवाचं नाव घेत होते. शेवटचा बार झाला आणि तुम्ही बंदूक खाली ठेवलीत. कागदाकडे पाहिलंच नाहीत. आपला उजवा हात समोर धरलात आणि उलटा-सुलटा करून बघत राहिलात. मुनियप्पा तुमच्याहून वर आला, आणि वर आलो म्हणून त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर, भर दुपारी, तुम्ही परसात पाच बार टाकलेत. पाचही एका भोकात. मी म्हटलं, बघा, हात कसा सोन्यासारखा आहे. तुम्ही बंदूक पुसत म्हणालात, "बंदूक ठीक आहे. हात गेला. घरी कुणाचाही चालतो." मी वाद घातला, काहीतरी बंदुकीतच असेल म्हटलं. तुम्ही म्हणालात, अंगण सरळ आहे. आणि मग हळूच म्हणालात, बाबांचाही याच वयात सुरू झाला होता.

तेव्हा मला कळलं की तुम्ही किती वर्षं त्याची वाट बघत होता. तुमचे बाबा शिंपी, चाळिशीत त्यांचा हात कापायला लागला, सुई ओवता येईना म्हणून दुकान बसलं, हे तुम्ही मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. बुधवारी तुम्ही फोरमनला अर्ज दिलात की मला टूलरूममधून काढून स्टोअरमध्ये टाका. त्यांनी समजूत घातली, पुढच्या मंगळवारपासून आठ-पंधरा दिवस स्टोअरमध्ये बसून बघ म्हणाले, अर्ज टेबलात ठेवून घेतला.

त्या मंगळवारी मी न्हायला गेले. बाटली उलटी केली, तेल येईना. पांढरं, घट्ट, तुपासारखं थिजलेलं. त्यात नवल काहीच नाही. बेंगळुरात दर डिसेंबरात खोबरेल थिजतं. लहानपणापासून मी सकाळी बाटली बंबाजवळ ठेवते, वितळली की डोक्याला लावते. त्या दिवशीही ठेवली, आणि तेल सुटायला लागलेलं बघता बघता मला बंदूक आठवली. सकाळच्या गारठ्यात त्या चामड्याला लागलेलं तेल याच्यासारखंच थिजलं होतं. दट्ट्या अडखळत होता. ऊन आलं तसं ते सुटलं. तुमच्या हातानं काहीच केलं नव्हतं.

अहो, मी त्याच संध्याकाळी सांगणार होते. शपथ घेऊन सांगते, वाक्य जुळवून ठेवलं होतं. तुम्ही रागावलात तर काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. आणि साडेपाचला दार वाजलं. मी घाबरून धावले, कारण कामाच्या दिवशी तुम्ही त्या वेळी कधी घरी आला नव्हता. दारात तुम्ही उभे, हातात पानात बांधलेली मल्लिगेची, मोगऱ्याची फुलं. म्हणालात, स्टोअर पाचला बंद होतं म्हणे, चल, लालबागेत जाऊन येऊ.

मी फुलं माळली आणि तुमच्याबरोबर गेले. उद्या सांगीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा साडेपाचला आलात. आठवडा गेला. फोरमननं तुमचा अर्ज टेबलातून काढून पुढे पाठवला. जन्मभर तुमच्याशी वाद घातला मी, मिठापासून सरकारपर्यंत, आणि ज्या एका वादात जिंकले असते तिथे तोंड मिटून बसले.

पुढची सहा वर्षं माझ्या संसारातली सगळ्यात सुखाची होती. हे सांगताना मला माझी लाज वाटते, पण खोटं सांगणार नाही. संध्याकाळची कॉफी दोघांची. तुम्ही भाजी चिरत नव्हता, सुरीला हात लावत नव्हता, पण ओट्याशी उभे राहून स्टोअरमधल्या गमती सांगायचा. दाढीला तुम्ही न्हाव्याकडे जायला लागलात. माझी सुई ओवून द्यायचा, ते बंद केलंत. दर वेळी मी स्वतःची समजूत घालायची की माणूस हसतो आहे, जेवतो आहे, मग काय बिघडलं? चीनची लढाई झाली तेव्हा क्लबवाले तुम्हाला शोधत आले, नव्या पोरांना नेम धरायला शिकवा म्हणाले. तुम्ही हात जोडून नाही म्हणालात. मी त्यांना कॉफी दिली.

मग तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलातल्या शेवटच्या गुरुवारी तुम्ही जरा बरे होता. मी थर्मास उघडायला गेले तर म्हणालात, तू बस, रात्रभर जागी आहेस. आणि तुम्ही स्वतः झाकणात कॉफी ओतलीत, काठोकाठ, आणि पलंगावरून माझ्या हातात दिलीत. एक थेंब सांडला नाही. तुमचं लक्षही नव्हतं. मी झाकण तसंच धरून तुमच्याकडे बघत राहिले. शब्द अगदी ओठावर आले होते. नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. शुक्रवारी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

मी मनाला एकच आधार दिला होता, की तुम्ही टूलरूम विसरला होता. गेल्या रविवारी मुनियप्पा आला आणि तो आधारही गेला. बिचारा तेराव्याला गावी होता, म्हणून भेटायला आला. त्यानं सांगितलं की डबा खाऊन झाला की तुम्ही रोज टूलरूमच्या दाराशी येऊन उभे राहायचा. सहा वर्षं रोज. आत पाऊल टाकायचा नाहीत, पोरं काय करताहेत ते बघायचा आणि भोंगा वाजला की निघून जायचा. अवघड काम आलं की फोरमन मुनियप्पाला तुमच्याकडे पाठवायचे आणि तुम्ही नाही म्हणायचा. एकदा त्यानं पाण्यानं भरलेला पेला तुमच्या तळहातावर ठेवला. पाणी हललं नाही. अण्णा, बघा, असं तो म्हणाला, तर तुम्ही म्हणालात, "आत्ता हलत नाही रे. कधी हलेल ते मला कुठे माहीत आहे?" आणि हात खिशात घातलात.

मी मुनियप्पाला सगळं सांगितलं. बुधली, बाटली, बंब, सगळं. या जगात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि ज्याला सांगायचं त्याला सोडून. त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्का, एक शब्द पुरला असता." कॉफी तशीच ठेवून तो गेला. मी त्याला थांबवलं नाही.

तुम्ही दाराशी उभे राहायचा, हे मला एकदाही का सांगितलं नाहीत? मी विचारलं नाही म्हणून? की संध्याकाळी फुलं माळून तयार बसलेल्या बाईला काय सांगायचं, म्हणून गप्प राहिलात? मी लपवत होते ते माझ्यासाठी. तुम्ही लपवत होता ते माझ्यासाठीच. रागवायचं असेल तर रागवा, मला ते हवं आहे. हे घर इतकं गप्प झालंय की तुमचा आवाज चढलेला ऐकायला मी काहीही देईन.

अहो, ऐकलंत का? तुमचा हात कधीच कापला नव्हता. तेल मी घातलं होतं. मला ते तुमचा अर्ज पुढे जायच्या आधीच कळलं होतं, आणि मी बोलले नाही, कारण मला तुम्ही साडेपाचला घरी हवे होतात.